घरी न्यायला कोण आलंय?

युनूसभाई,

तुम्हाला जाऊन आठवडा होत आला आणि मी अजून तुमच्यावर चिडलेली आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर मधेच माझा आवाज चढला की तुम्ही म्हणाल, सिस्टर, डॉक्टरीणबाईंचं बीपी बघा. गुरुवारी सकाळी तुमच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. मी करणार होते, भूल द्यायला तुमच्या जागी मंचरच्या मॅडम येणार होत्या, आत बसवायची जाळीसुद्धा आणून ठेवली होती. आणि तुम्ही गुरुवारची वाट न बघता, मला न विचारता, झोपेतच निघून गेलात. पेशंटने डॉक्टरला न सांगता जायचं नसतं, हे वारूळवाडीच्या आपल्या सेंटरमध्ये तुम्हीच सगळ्यांना दरडावून सांगायचात.

परवा नारायणगावात शोकसभा झाली. एका वक्त्याने तुम्हाला मितभाषी म्हटलं. मला हसू आवरेना, म्हणून रुमाल तोंडाला लावला, तर शेजारच्या बाईंना वाटलं मी रडतेय. त्या माझी पाठ थोपटत राहिल्या आणि मग मी खरंच रडले. तेव्हा तेही तुमच्यामुळेच.

मितभाषी, आणि तुम्ही. पेशंट टेबलावर आडवा झाला की तुमच्या गप्पा सुरू व्हायच्या. यंदा रानात काय केलंय, विहिरीला पाणी किती, जावई कसा निघाला. माणूस जावयावर बोलता बोलता झोपी जायचा. ऑपरेशन झालं, तो डोळे किलकिले करायला लागला, की तुमचा एकच प्रश्न ठरलेला असायचा: "घरी न्यायला कोण आलंय?" नुसतं 'भाऊ आलाय' असं उत्तर आलं तर तुम्ही मान हलवायचात, भूल अजून उतरली नाही म्हणायचात. 'भाऊ आलाय, पण त्याचा काय उपयोग न्हाई' असं ऐकलं की तुमचा चेहरा खुलायचा. आपल्या माणसाविषयी कुरकुर करता आली म्हणजे भूल पूर्ण उतरली, असा तुमचा सिद्धांत होता. मानांकनाच्या नियमात यासाठी श्वास, रक्तदाब, शुद्ध, हालचाल यांना गुण द्यायचे असतात. तेही तुम्ही इमानदारीने द्यायचात, पण शेवटचा शब्द कुरकुरीचाच.

मानांकनाचं खूळ माझं. सकाळी ऑपरेशन आणि संध्याकाळी घरी, एवढ्यासाठी आपलं सेंटर काढलेलं. पण विमा कंपन्या म्हणायला लागल्या की सुरक्षेचं मानांकन नसेल तर तुमच्याकडचं ऑपरेशन आम्ही धरणार नाही. म्हणजे जुन्नर-आंबेगावातल्या माणसाने अर्ध्या दिवसाच्या कामाला पुणं गाठायचं. मी हट्टाला पेटले. तुम्ही चहाचा कप ठेवून म्हणालात, की इतकी वर्षं आपल्या हाताखालून माणसं धडधाकट घरी गेली, त्यांना आता परत बोलावून शिक्का मारायचा का?

मग रोज एकेक नियम आला आणि रोज एकेक तंटा झाला. ऑपरेशन सुरू करण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम मोठ्याने सांगायचं, असा नियम आहे. आपण सगळे एकमेकांच्या सोयऱ्याधायऱ्यांसकट ओळखीचे, तरी तुम्ही छाती पुढे काढून सांगायचात, "मी युनूस. काम झोपवणं आणि उठवणं. त्यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं." सिस्टर हसायच्या, मी डोळे वटारायचे. आगीची तालीम घेतली तेव्हा भिंतीवरच्या बाणाप्रमाणे आम्ही सगळे धावलो आणि शेजारच्या गोठ्यात जाऊन उभे राहिलो. म्हैस दचकून उठली. तुम्ही तिलाही नाव आणि काम विचारलंत.

पण एक गोष्ट मी शोकसभेत सांगायला हवी होती आणि उठायचं बळ झालं नाही. भुलीचं मशीन सकाळी स्वतः तपासल्याशिवाय तुम्ही कुणाला हात लावला नाही. एकदा राखीव ऑक्सिजन सिलिंडरची चावी जागेवर नव्हती, तर ती सापडेपर्यंत तुम्ही आख्खं सेंटर थांबवून ठेवलंत आणि त्या दिवशी एकही विनोद केला नाहीत. नियमाची टिंगल करायची आणि नियम मोडायचा नाही, असं तुमचं वागणं होतं. मला ते कळायला बराच वेळ लागला.

आपलं खरं भांडण जुंपलं ते जबाबदार माणसावरून. नियम असा, की भूल दिलेल्या पेशंटला एकट्याने घरी सोडायचं नाही. एक जबाबदार प्रौढ व्यक्ती सोबत हवी, तिचं नाव आधी ठरलेलं हवं, सूचना तिने ऐकायच्या आणि पुढचा एक दिवस पेशंटजवळ राहायचं. तुम्ही म्हणालात, हा नियम करणारा माणूस आपल्या भागात कधी आलेला दिसत नाही. आपल्याकडे पेशंटसोबत कोणीतरी असतं का हा प्रश्नच नाही, जीपभर माणसं असतात. मी म्हटलं, तोच तर घोळ आहे. तो ओतूरकडचा पेशंट आठवतोय ना? न्यायला अर्धी आळी आली होती. सगळ्यांनी निरोप घेतला, सगळे गाडीत बसले, आणि औषधांची पिशवी राहिली बाकावर. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने घेतली. तेव्हा एकच माणूस हवा, पण नाव घेऊन ठरवलेला. एक पुरतो, हे माझं म्हणणं. एक कधीच पुरत नाही, हे तुमचं.

नियम लागू केला आणि निराळंच झालं. लोकांनी 'जबाबदार माणूस' हा मान आहे असं धरलं. ज्याचं नाव घेतलं तो ताठ बसायला लागला, बाकीचे तोंड पाडून. थोरला भाऊ असताना धाकट्याचं नाव कसं घेतलं म्हणून एक घर आपल्याच दारात भांडलं. तुम्ही मला कोपऱ्यात घेऊन विचारलंत की उरलेल्यांसाठी टॉवेल-टोपी मागवायची का.

आणि नेमक्या तपासणीच्या दिवशी बेल्ह्याचा दत्तू आला. बैलांचा व्यापारी, स्वतःचा टेम्पो, हर्निया त्याच टेम्पोत जनावरं चढवून झालेला. सोबत चुलते, भाऊ, मेहुणे आणि किसनमामा. आम्ही रीतीप्रमाणे चुलत्यांचं नाव घेतलं. किसनमामा उठला आणि बाहेर पायरीवर जाऊन पाठ करून बसला. दत्तूचा भाऊ त्याला समजवायला गेला तर म्हणाला, "लग्नात मागं उभं ऱ्हायला मामा लागतो. आन् हितं पोटाला चिरा पाडायचा तर मामा नगं?"

त्याच वेळी पुण्याहून आलेले तपासनीस साहेब तिथे पोचले. गोरेपान, शांत, शर्टाला इस्त्री अशी की माशी घसरावी. त्यांनी खोलीभर नजर फिरवून विचारलं की या पेशंटची जबाबदार व्यक्ती कोण. रुसवा मिटवायच्या घाईत दत्तूचा भाऊ म्हणाला, "आमी सगळी." साहेबांनी पेन काढलं. 'सगळे' हे उत्तर होऊ शकत नाही, असं त्यांनी अगदी सौम्य आवाजात सांगितलं. एक नाव, एक नातं, एक मोबाईल नंबर. आणि त्रुटी लिहिली. मला वाटलं, गेलं आपलं मानांकन.

दत्तू आत गेला, आणि बाकावर एकटी उरली ती हौसाबाई. नाणेघाटाच्या अंगाला तिचं घर, बेंबीचा हर्निया, पहाटेच्या एसटीने एकटीच आलेली. मुलगा कंपनीत, त्याला रजा नाही. मी तिला सांगितलं की सोबत कोणी नसेल तर आज ऑपरेशन होणार नाही. ती नुसती हसली आणि पिशवी आवरायला लागली. भाताची लावणी आठवड्यावर आली होती, म्हणजे ती परत येणार नव्हती हे मलाही कळत होतं, तुम्हालाही. तुम्ही मला आत नेऊन झापलंत. ज्याच्यामागे जीपभर माणसं आहेत त्याच्यासाठी हा नियम केलाय, आणि अडतेय ती जिला कुणी नाही. मी म्हटलं, संध्याकाळी ती एकटी एसटीत बसेल आणि घाटात चक्कर येऊन पडेल, तेव्हा तुमच्या डोळ्यासमोर तीच येईल. मी जिंकले असं मला वाटलं.

तुम्ही मात्र तडक बाहेर पायरीवर गेलात, रुसलेल्या किसनमामाच्या शेजारी बसलात आणि विचारलंत, "मामा, जबाबदार व्हायचंय का?"

तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही. किसनमामा उठला, धोतराचा सोगा झटकला, आत आला आणि हौसाबाईला म्हणाला, "चल बाई, तुझा मी." तपासनीस साहेबांनी चष्मा वर करून नातं विचारलं.

"मामा."

"त्या तुमच्यापेक्षा मोठ्या दिसतात."

"मामाला वय नसतं, सायेब."

साहेबांनी नियम दोनदा वाचला. जबाबदार प्रौढ व्यक्ती, एवढंच होतं. नात्यातली हवी असं कुठेच नव्हतं. तुम्ही भिंतीला टेकून छताकडे बघत होतात, काही संबंधच नसल्यासारखे. मी किसनमामाला सगळ्या सूचना सांगितल्या, त्याने त्या घोकून मला परत म्हणून दाखवल्या, औषधांची पिशवी गळ्यात अडकवली आणि दत्तूला चुलत्यांच्या हवाली करून हौसाबाईला दत्तूच्याच टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसवून डोंगरात घेऊन गेला. एक दिवस जवळ राहायचं म्हणजे राहायचं. तिच्या ओट्यावर घोंगडी टाकून पडला आणि जरा वेळ झाला की आत हाक मारायचा, जागी आहेस का. टाके काढायला आली तेव्हा ती म्हणाली, "टाक्याचं काय न्हाई, पण ह्या माणसानं झोपू दिलं न्हाई." तुम्ही मला कोपर मारलंत. कुरकुर झाली, म्हणजे पेशंट ठणठणीत.

मानांकन मिळालं. साहेब जाताना तुमच्याकडून लेण्याद्रीचा रस्ता विचारून घेत होते आणि तुम्ही त्यांना रस्ता सोडून बाकी सगळं सांगत होतात. पुढे त्यांचे तुम्हाला फोन यायला लागले हे मला सिस्टरांकडून कळलं. तुम्ही ताकास तूर लागू दिली नाहीत.

आता तुमच्या हर्नियावर येते. तुम्ही सिलिंडर सरकवताना जांघेवर हात दाबून उभे राहिलात आणि मी पाहिलं. तपासू द्यायला तुम्ही महिना घेतलात. हो म्हणालात ते एका अटीवर, की कुणाला कळता कामा नये. भूलवाल्यालाच भूल दिली हे जुन्नरात पसरलं तर उद्या माझ्या हाताखाली कोण झोपेल, म्हणालात. मंचरच्या मॅडमना तुम्ही आधी चहा पाजला, मग औषधांवर उलटतपासणी घेतली, मग माहेर कुठलं विचारलंत. त्या बिचाऱ्या सगळ्यात पास झाल्या.

राहिला जबाबदार माणूस. रेहानाभाभी जाऊन इतकी वर्षं झाली, मुलगा बहरीनला. तुम्ही म्हणालात, स्कूटरवर जाईन. मी नाही म्हटलं. तुम्ही म्हणालात, रिक्षाने जाईन. मी म्हटलं, रिक्षावाला रात्रभर हाक मारत बसणार आहे का? मग मीच म्हणाले की मी नेते, माझ्याकडेच राहा. तुम्ही एकदम गंभीर होऊन सांगितलंत की ऑपरेशन करणाऱ्याने घरी न्यायचं नाही, नियम आहे. असा नियम कुठल्याही पुस्तकात नाही, युनूसभाई. तुम्ही तो तिथल्या तिथे रचलात, कारण तुम्हाला संकोच वाटला. जन्मभर दुसऱ्यांना सांभाळून उठवलंत आणि तुम्हाला कुणी सांभाळायचं म्हटलं की लाजायचात. हे मी तुमच्या तोंडावर म्हणायला हवं होतं. तेवढ्यात पुढचा पेशंट आला आणि राहून गेलं.

संध्याकाळी फाटकात मी तुम्हाला शेवटचं बजावलं, एक माणूस शोधा, बस, एक पुरतो. तुम्ही स्कूटरला किक मारत म्हणालात, "पुरत न्हाई, बाई." आणि गेलात. भांडण अर्धवट टाकून जायची तुमची जुनी खोड.

पुढच्याच पहाटे तुम्ही नमाजाला दिसला नाहीत म्हणून शेजाऱ्यांनी दार वाजवलं. झोपेत हृदय थांबलं, दुसरं काही नाही. मला फोन आला तेव्हा मी म्हटलं, शक्य नाही, त्यांचं गुरुवारी ऑपरेशन आहे.

दुपारच्या नमाजानंतर जुन्नरला तुम्हाला माती दिली. मुलाने सगळं फोनवर पाहिलं. कब्रस्तानच्या फाटकापाशी मी उभी होते, माझ्या शेजारी हौसाबाई, डोंगरातून कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आलेली. तेवढ्यात किसनमामा आला. बेल्ह्याचा बाजार होता त्या दिवशी. अर्धा सौदा सोडून आलेला, खांद्यावर बैलाचा कासरा तसाच. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "गुरुवारी यायचं ठरलं व्हतं, बाई. डॉक्टर म्हणलं, मामा, तूच माझा जबाबदार मानूस. कुनाला सांगू नगं."

हौसाबाईने पदर तोंडावरून खाली घेतला. "तुला कसं म्हणतील? मला म्हणलं व्हतं. मी पथ्याला तांदळाचं पीठ बी दळून ठिवलंय."

"तुला स्कूटर येती का?"

"तुला तरी कुठं येती?"

दोघंही दबक्या आवाजात भांडायला लागली. ज्याने कुणाला कळू नये म्हणून अट घातली, त्याने वेगवेगळ्या गावांत जाऊन वेगवेगळ्या माणसांना गुपित सांगून ठेवलेलं, आणि त्या शहाण्यांनी ते इमानाने पाळलेलं. मी फाटकाला धरून हसत होते आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. शेवटी हौसाबाई त्याला म्हणाली, आत तू जाणार, मला कोण जाऊ देतंय, माझी बी मूठ टाक. किसनमामाने कासरा तिच्या हातात दिला, आत गेला आणि दोन वेळा माती देऊन आला.

मला वाटलं इथे संपलं. पण तुम्ही कसले संपताय.

गुरुवारी सकाळी मी सेंटरला आले. तुमच्या जागी दुसरा पेशंट घ्यायचं माझ्या मनात आलं नव्हतं, टेबल रिकामंच होतं. सिस्टर धावत आल्या आणि त्यांनी बाहेर बोट दाखवलं. बाकावर तपासनीस साहेब बसले होते. तोच इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली, मांडीवर मोसंब्यांची पिशवी. रजा टाकून पुण्याहून आले होते. त्यांना कुणीच कळवलं नव्हतं, कारण त्यांना कळवायला हवं हेच कुणाला माहीत नव्हतं.

मला बघून ते उठले. जरा ओशाळून म्हणाले, "त्यांनीच सांगितलं होतं. नियम तुमचा, तर माणूसही तुम्हीच व्हा, म्हणाले. पेशंट आत गेले का?"

मी त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं. त्यांनी मोसंब्यांची पिशवी मांडीवरून बाकावर ठेवली. बाहेर गोठ्यात म्हैस ओरडत होती. मग त्यांनी अगदी त्या तपासणीच्या दिवशीच्या सौम्य आवाजात मला विचारलं, "मग त्यांना घरी कोणी नेलं?"

युनूसभाई, मला एक नाव सांगता आलं नाही. किसनमामा म्हणू, हौसाबाई म्हणू, दार वाजवणारे शेजारी म्हणू, की मी. इतकी वर्षं तुमच्याशी भांडून मी तुमचंच उत्तर दिलं.

"सगळ्यांनी," मी म्हटलं.

साहेबांनी मान डोलावली. या वेळी त्यांनी त्रुटी लिहिली नाही.